पंचावन्नाव्या वर्षी राजीनामा

पन्नाशीच्या आसपास भाविक माणसाला एक शंका छळू लागते. आजवर केलं ते पोटासाठी. देवानं आपल्याला धाडलं ते काही निराळ्याच कामासाठी. ही शंका बहुधा गुरुवारी आरतीनंतर येते आणि शुक्रवारी सकाळी घराच्या हप्त्याचा मेसेज आला की जाते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मात्र जन्मभर गेली नाही.

टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले. त्यांचा बायोडेटा आजच्या एखाद्या साहेबापुढे ठेवला, तर साहेब चष्मा काढून पुसेल. शाळामास्तर, कीर्तनकार, छापखान्यातले कामगार, नागपुरात संस्कृत ग्रंथांचं काम, 'ऋषि' मासिकाचं संपादन, मग राजनांदगाव. "मधल्या काळात काय करत होता?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच होतं: घर सोडून गेलो होतो. नोकरी सोडताना महिन्याची नोटीस देण्याची रीत आहे. टिळक बायकोला पाच मिनिटांचीही देत नसत.

1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. त्यानं बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. हल्ली सहप्रवासी फार तर चार्जर देतो, तोही उतरताना आठवणीनं परत मागून घेतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

आणि टिळकांची बायको, लक्ष्मीबाई? त्यांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. धुतलेल्या मिठातलं किती मीठ डब्यापर्यंत पोचत असेल, हे गणित ज्यानं त्यानं करावं. अशा घरातली मुलगी, आणि नवरा ख्रिस्ती झालेला! पुढची काही वर्षं दोघांचे संसार वेगळे राहिले. मधला बराच काळ लक्ष्मीबाई पंढरपुरात होत्या. नंतर त्या नगरला टिळकांकडे आल्या, तरी सोवळं सोबत होतंच. ते हळूहळू सुटलं आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचारानं. नवऱ्याच्या मागोमाग धावत जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

टिळकांचं काम आता मार्गी लागलं होतं. 1904 साली ते रीतसर पाळक झाले. पुढे 1842 पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. म्हणून मंडळीत अभंग आले, भजन आलं, कीर्तन आलं. घरी कवींचा राबता होता. बालकवी ठोंबरे तर घरचेच होऊन राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. कवितेला दाद देण्याचं काम टिळकांकडे होतं, कवीच्या जेवणाचं कुणाकडे होतं हे सांगायला नको.

इथे दुसरा कुणी निवृत्तीपर्यंतचे महिने मोजत बसला असता. टिळकांनी 1917 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पगार गेला, संन्यास आला. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त तिथे एका पंगतीला. आयुष्यभर शोधलेलं काम अखेर सापडलं होतं. पण हाती दोन वर्षंही उरली नव्हती. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य दहा अध्यायांच्या पुढे फारसं सरकलं नव्हतं. बाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पुरं केलं. काम शोधायला त्या कुठे गेल्याच नव्हत्या. नवरा अर्धं टाकून गेलेलं काम घरातच पडलं होतं.

शिवाय त्यांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग 1934 साली आला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. नवऱ्याच्या ज्या पलायनांनी एके काळी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, त्यांवर वाचक आजही पोट धरून हसतो, आणि गंमत म्हणजे टिळकांवर त्याचा राग धरवत नाही. टिळकांनी स्वतः हेच आत्मचरित्र लिहायला घेतलं असतं, तर तिसऱ्या प्रकरणाच्या आतच ते घर सोडून गेले असते.