फट म्हणता नाना

‘फट म्हणता ब्रह्महत्या’ अशी म्हण आहे. आमच्या सोसायटीत ब्रह्महत्या होत नाही. आमच्याकडे फट म्हणता नाना येतात. जिना उतरताना तुम्ही बायकोला सहज म्हणालात, “बेडरूमच्या चौकटीशी जरा फट पडलीये गं,” की तुम्ही भाजी घेऊन परत येईपर्यंत नाना दारात उभे असतात. उजव्या हातात गन, डाव्या खांद्यावर ओलं फडकं, शर्टाच्या खिशात ब्लेड, मास्किंग टेप आणि मुदत संपलेलं एटीएम कार्ड. चेहऱ्यावर पहिला पेशंट मिळालेल्या डॉक्टरचा आनंद.

गन म्हणजे सीलंट दाबून बाहेर काढायचा लोखंडी सांगाडा. त्यात पांढरी नळी आडवी ठेवायची, चाप ओढला की मागचा दांडा पुढे सरकतो आणि टोकातून दह्याच्या चक्क्यासारखी पेस्ट बाहेर येते. नवा वॉचमन आला तेव्हा त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. “नाना गन घेऊन वर गेलेत,” एवढाच निरोप मिळाल्यामुळे तो बिचारा अर्धा तास पाण्याच्या टाकीमागे बसून होता.

नाना अडतीस वर्षं बँकेत ऑडिटला होते. दुसऱ्याच्या हिशेबात फट शोधायची आणि ती दिसली की त्या माणसाची झोप उडवायची, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. निवृत्तीनंतर वह्या गेल्या, डोळे राहिले. तुम्ही-आम्ही कुणाकडे गेलो की सोफा बघतो, टीव्ही किती इंची ते मनात मोजतो. नानांना सोफ्याचं सोयरसुतक नाही. दोन वस्तू जिथे एकमेकींना भेटतात, तिथेच त्यांची नजर जाते. चौकट आणि भिंत, स्कर्टिंग आणि भिंत, ओटा आणि टाइल, पीओपीची पट्टी आणि छत. एका लग्नाहून आले तेव्हा मी विचारलं, “काय नाना, कसा आहे जोडा?”

“जोडा चांगलाय रे. पण स्टेजवरची पट्टी छतापासून सुटलीये. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंगलाष्टकं संपेपर्यंत मला तिथून नजर काढता आली नाही.”

चौकटीच्या कडेची फट ही घरातली एकमेव बेवारस जागा आहे, असं नाना म्हणतात. गवंड्याला विचारा, तो म्हणतो सुतारानं चौकट वाकडी बसवली. सुतार म्हणतो गवंड्याचं प्लास्टर ओळंब्यात नाही. रंगारी म्हणतो, “दोघांचं झाकायलाच तर मी आहे, साहेब.” मग तो त्यावर लांबीचा एक हात मारतो, पॉलिश पेपर फिरवतो, रंग देतो आणि पैसे घेऊन गावी जातो. दिवाळीत चौकट अशी दिसते की जणू भिंतीतूनच उगवली आहे. शिमग्याला कडेनं केसाएवढी रेघ उमटते. पाडव्याला तिच्यात पोस्टकार्ड जातं. अक्षय्य तृतीयेला एटीएम कार्ड. नानांच्या खिशातलं ते मुदत संपलेलं कार्ड मोजपट्टीचं आहे.

“लाकूड मेलं तरी त्याचं पाणी पिणं सुटत नाही,” नाना समजावतात. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा पितं आणि फुगतं. उन्हाळ्यात तहानेनं आक्रसतं. बरं, उभं फारसं वाढत नाही, आडवंच वाढतं. (“पन्नाशीनंतर तुझं होणार आहे तसं,” हे खास माझ्यासाठी.) शेजारची वीट मात्र ढिम्म. एक हलणारा, एक न हलणारा. दोघांच्या मध्ये लांबीसारखी कडक वस्तू भरली की ती एकाची बाजू घेते आणि दुसऱ्यापासून सुटते.

हे ज्ञान नानांना जन्मतः नव्हतं. त्यांच्या कारकिर्दीचे चार कालखंड पडतात. पहिला व्हाइट सिमेंटचा. चहाच्या कपात सिमेंट कालवायचं आणि बायकोच्या, म्हणजे माईंच्या, चमच्यानं भरायचं. कप गेले, चमचे गेले आणि मे महिन्यात सगळं सिमेंट तांदळाच्या पिठीसारखं चौकटीखाली सांडलं. दुसरा फेविकॉल आणि लाकडाच्या भुश्याचा. ही सुतारांची जुनी युक्ती. लाकडाला लाकूड भेटतं तिथे उत्तम. भिंतीशी मात्र तो भुसा दगड झाला, आणि दगडाच्या कडेनं नवी रेघ आली.

तिसरा कालखंड सिलिकॉनचा. नाना त्याच्या प्रेमातच पडले. रबरासारखं ताणतं, पाण्याला दाद देत नाही. चार दिवस जिन्यात व्हिनेगरचा असा वास होता की दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी चायनीजची गाडी टाकली, अशी वदंता उठली. नानांनी घरातली एकूण एक चौकट सिलिकॉननं बंद केली आणि मग रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं पहिला ब्रश ओढला. भिंतीवर रंग बसला, चौकटीवर बसला, मधल्या रेघेवर अळवावरचं पाणी. थेंब थेंब गोळा होऊन बाजूला. दुसरा हात दिला, तेच. रंगारी स्टुलावरून खाली उतरला. “नाना, यानं संन्यास घेतलाय. याला रंग लागायचा नाही.” पुढचे पंधरा दिवस नाना ब्लेडनं स्वतःचं कर्तृत्व खरवडत होते.

तेव्हापासून चौथा आणि चालू कालखंड आहे, तो अ‍ॅक्रिलिकचा. पाण्यानं हात धुता येतो, ताण सोसतं, वर रंग बसतो. फक्त त्यातलं पाणी उडून गेलं की ते थोडं बसतं, म्हणून मोठ्या फटीला दुसरा हात द्यावा लागतो. “बेसिन आणि बाथरूमला सिलिकॉन, रंगाच्या भिंतीला अ‍ॅक्रिलिक,” हे वाक्य नानांनी लिफ्टमध्ये लावायला दिलं होतं. सेक्रेटरींनी तिथे मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी लावली. दोघांचं त्यावरून अजून पूर्ण जुळलेलं नाही.

अख्खं पुणं दिवाळीआधी रंग काढतं, याचं नानांना मनस्वी दुःख आहे. “अरे, पाऊस नुकता संपलेला असतो. लाकूड फुगून टम्म. फट सगळ्यांत अरुंद असते तेव्हा तुम्ही तिचं माप घेता! बारशाचं झबलं मुंजीला घालायचा प्रकार आहे हा.” नानांचा मुहूर्त वैशाखाचा. फट पुरती उघडलेली, धूळ सुकलेली, आणि मुख्य म्हणजे अर्धी सोसायटी गावी गेलेली. जाताना लोक कुंड्यांना पाणी घालायला किल्ली नानांकडे देतात. जूनमध्ये परत येतात तेव्हा कुंड्या वाळलेल्या असतात, फटी भरलेल्या असतात. एकांच्या सरकत्या खिडकीची फटही भरलेली निघाली. त्यांच्याकडे आषाढात सुरमई तळली, तिचा वास गणपतीपर्यंत घरातच मुक्कामाला होता.

माझ्या बेडरूमची चौकट मात्र मी समोर बसून भरून घेतली. एवढ्या जवळून नाना बघणं हा वेगळा अनुभव आहे. आधी त्यांनी ब्लेडच्या टोकानं फटीतली जुनी लांबी काढली, मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं धूळ झाडली. “धुळीवर भरलंस तर ते धुळीलाच चिकटतं, भिंतीला नाही.” मग दोन्ही बाजूंनी टेप. मग नळीचं टोक तिरकं कापलं, पेन्सिलीच्या शिशाएवढं. (“लोक मोठं कापतात आणि मग भिंतीवर जिलब्या पाडतात.”) मग त्यांनी मला मोबाइल बंद करायला लावला.

गनचं टोक चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात टेकलं आणि नानांनी श्वास धरला. चाप हळूहळू मिटत गेला, गन खाली येत गेली, तिच्याबरोबर नानाही खाली येत गेले. आधी ताठ, मग कमरेत वाकलेले, मग उकिडवे, शेवटी जमिनीवर एक गुडघा. मागे एकसारखी पांढरी दोरी उमटत होती. तळाशी पोचताच त्यांनी अंगठ्यानं मागची कळ दाबली. ती दाबली नाही तर पेस्ट येतच राहते. पहिल्या आठवड्यात नाना ती विसरले होते आणि गन सोफ्यावर ठेवून झोपले होते. त्या सोफ्यावर आता कायम चादर असते. मग बोट पाण्यात बुडवून त्यांनी वरपासून खालपर्यंत एकच हात ओढला. दोरी दबली, फटीत शिरली, दोन्ही काठांना टेकली. ओली असतानाच टेप ओढली. फट कुठे होती ते मला सांगता आलं नसतं.

नानांनी श्वास सोडला. मग घड्याळ बघून त्यांचं ठरलेलं वाक्य: “चोवीस तास हात लावायचा नाही.”

एवढं सगळं असलं तरी नानांच्या शास्त्रातला सर्वांत मोठा शोध माईंचा आहे. सोसायटीच्या ऑफिसच्या दाराशी बोट जाईल एवढी फट होती. नानांनी तिला दोन नळ्या पाजल्या. सकाळी सगळा ऐवज पिठल्यासारखा ओघळून उंबऱ्यावर. माई भाजीची पिशवी घेऊन तिथून चालल्या होत्या. त्यांचं माहेर कोकणातलं, खाडीकाठचं. उभ्या उभ्या म्हणाल्या, “आत काहीतरी कोंबा आधी. आमच्याकडे होडीच्या फळ्यांत तेलाचा कापूस ठोकतात, मग वरून लेप. नुसता लेप समुद्र चाटून नेईल.” आणि घरातून एक जुनी सुती नाडी आणून दिली. नानांनी नाडी फटीत सारली, वरून पातळ हात दिला. काम पक्कं झालं.

पुढे नानांना व्हिडिओत दिसलं की यासाठी फोमची दोरी मिळते, तिला बॅकर रॉड म्हणतात. वार्षिक सभेत त्यांनी तंत्र समजावलं: सीलंट मागच्या बाजूला चिकटता कामा नये, फक्त दोन काठांना चिकटावं, म्हणजे ते मोकळेपणी ताणतं. सभा भारावली. कुणीतरी विचारलं, “मग आपल्या ऑफिसच्या दारात कोणता रॉड घातलाय?” नाना घुटमळले. मागच्या रांगेतून माई म्हणाल्या, “माझ्या परकराची नाडी आहे ती.” इतिवृत्तात ‘तांत्रिक साहित्य’ अशी नोंद झाली.

नानांचे खरे प्रतिस्पर्धी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा. आप्पांचं मत असं की घराला भेगा असाव्यात. “आभाळ फाटलं तर ठिगळ लावाल, नाना, पण माझ्या भिंती सोडा.” दहा वर्षं त्यांनी नानांना उंबऱ्याच्या आत गन आणू दिली नाही. शेवटी सुनेनं आग्रह केला म्हणून एकदा दिवाणखान्याची चौकट भरून घेतली. नानांनी जीव ओतून हात ओढला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “चोवीस तास हात लावायचा नाही.”

“म्हणजे अजून ओलंय?” म्हणत आप्पांनी अंगठा टेकवला.

ठसा उमटला. चांगला खोल, पोस्टातल्या पैशाच्या पावतीवर असतो तसा. नानांनी पुन्हा भरतो म्हटलं, आप्पा म्हणाले, “राहू दे, सही आहे माझी.” पुढे त्यावर रंग बसला, तरी ठसा दिसायचाच. नाना आप्पांकडे चहाला गेले की त्या चौकटीकडे पाठ करून बसत. पाच वर्षं ते त्या ठशाला ‘इमारतीवरचा डाग’ म्हणत होते.

आप्पा गेले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. सगळे काही ना काही बोलत होते. नाना त्या दिवशी चौकटीकडे तोंड करून बसले आणि तासभर अवाक्षर बोलले नाहीत.

वर्षश्राद्ध झाल्यावर, मे महिन्यात, आप्पांच्या मुलानं घराला रंग काढायचं ठरवलं आणि नानांना बोलावलं. मी टेप धरायला बरोबर होतो. जुनं सीलंट कडक झालं होतं. नानांनी वरच्या कोपऱ्यात ब्लेड घातलं आणि सबंध पट्टी सोलत खाली आणली. छातीच्या उंचीवर आल्यावर हात थांबला. त्यांनी तिथे आडवा काप दिला, वीतभर जागा सोडली, खाली पुन्हा ब्लेड घातलं. मग टेप लावली. वर एक, खाली एक, मधे काही नाही. श्वास धरून वरची दोरी ओढली, तो सोडून दुसरा घेतला, खालची ओढली.

“नाना, मधलं राहिलं,” मी म्हटलं.

“राहिलं नाही. ते भरलेलं आहे,” नाना ओलं बोट फडक्याला पुसत म्हणाले.

मग घड्याळ बघून ते वळले. पलीकडच्या भिंतीवर आप्पांचा हार घातलेला फोटो होता. त्याच्याकडे बघून, नेहमीपेक्षा जरा चढ्या आवाजात, नाना म्हणाले, “चोवीस तास हात लावायचा नाही.”