अंगठ्याएवढं मांबलम

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये लेक व्ह्यू रोड आहे, पण तिथे तळं शोधायला जाऊ नये. मांबलमचं ते लांबलचक तळं बुजवून १९२३च्या सुमारास त्यागराय नगर वसवायला घेतलं आणि पाणी उरलं ते रस्त्याच्या नावात. आसपासच्या दुकानांची यादी देणाऱ्या बऱ्याच वेबसाइट मोबाइलवर याच जातीच्या निघतात. माहिती आहे असं नाव सांगतं, डोळ्यांना मात्र मुंग्यांची रांग दिसते. कारण साधं आहे. ज्या पानाने स्वतःची रुंदी सांगितली नाही, ते ९८० पिक्सेल रुंद असणार, असं आयफोनचा सफारी धरून चालतो आणि ते अख्खं पान तळहाताएवढ्या काचेत कोंबतो. ताम्बरम लोकलमध्येही कोंबतात, पण तिथे माणसं निदान मूळ आकारात राहतात. पानाच्या माथ्यावर रुंदी सांगणारी एक ओळ लिहिली की हा गैरसमज मिटतो. यादीच्या मालकाला वाटतं, काम झालं. माझ्या मते काम तिथून सुरू होतं, कारण मोबाइलसाठी पान आटवायचं नसतं, निवडायचं असतं. तांदूळ निवडतात तसं.

आता हे पान बघतं कोण? आर्य गौडा रोडवर उन्हात उभा असलेला माणूस. एका हातात केळीची पानं, दुसऱ्यात फोन, मोकळा फक्त अंगठा. त्याला हवा असतो प्लंबरचा नंबर, तोही बोट टेकताच लागणारा. मिळतो संस्थापकांचा हार घातलेला फोटो, सरकत जाणारं सुस्वागतम आणि कुठल्याशा जुन्या पोंगलच्या शुभेच्छा. बोट टेकवायची जागा निदान ४४ पॉइंटांची हवी, असं ॲपलने सांगून ठेवलंय. इथे प्लंबरवर टेकवलेलं बोट मंगल कार्यालयावर पडतं, आणि दोन्हींच्या खर्चात फरक आहे. खरं तर याच रस्त्यावरच्या अरुंद दुकानांना हे निवडण्याचं शास्त्र पाठ आहे: खपणारा माल दारात टांगलेला, बाकीचा माळ्यावर. पण निवडताना खडा कुठला आणि दाणा कुठला, हे कळायला हवं. चेन्नईत घरांना नवा नंबर असतो आणि जुनाही. पत्त्यात दोन्ही लिहिले की अडगळ वाटते. जागा वाचवायला जुना उडवावा, तर गल्लीतली आजी तोच ओळखते, आणि गिऱ्हाईक भलत्याच्या स्वयंपाकघरात पोचतं.

यावर कुणी म्हणेल, गूगल असताना ही उठाठेव कशाला? गूगलला हॉटेलं ठाऊक असतात. श्राद्धाला वेळेवर येणारे वाध्यार, म्हणजे आपले भटजी, किंवा दुसऱ्या मजल्यावर वडाम, म्हणजे आपल्या कुरडयांसारखं वाळवण, वाळवून विकणाऱ्या मामी यांच्या दाराला पाटी नसते. त्यांना गल्ली ओळखते, आणि गल्लीची यादी ओळखू शकते. शिवाय २१ एप्रिल २०१५पासून खुद्द गूगलच फोनवरच्या शोधात मोबाइलला न जुळणारी पानं मागे सारतो. म्हणजे वाचता न येणारी यादी सापडतही नाही. चला, तेवढी तरी दया. दुसरा आक्षेप वयाचा: मांबलममध्ये म्हातारी माणसं फार, ती कुठे मोबाइल बघतात? ज्यांची नातवंडं अमेरिकेत आहेत, ती दुसरं काय बघतात? त्यांना मोठं अक्षर हवं, एवढंच. राहिला ॲपचा हट्ट. तीन वर्षांतून एकदा गळणाऱ्या नळासाठी फोनमध्ये कायमचा पाहुणा कोण ठेवून घेईल?

तेव्हा यादीच्या मालकांनो, एकदा संध्याकाळी सहा वाजता मांबलम स्टेशनच्या पुलावर, हातात पिशवी धरून, आपलीच वेबसाइट उघडा आणि एका अंगठ्याने प्लंबरला फोन लावून दाखवा. फक्त कडेला उभे राहा, मागून लोकलची गर्दी येते आहे.