रक्तात शोधा, सरावात नको

नवख्या क्रीडालेखकानं एवढं लक्षात ठेवावं: खेळाडू काय खेळला हे नंतर, तो कुणाचा हे आधी.

गिरवायला जयपूरचं झोटवाडा घ्या. 2023 मध्ये इथून आमदार झालेले राज्यवर्धनसिंह राठोड 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्य घेऊन आले होते. या प्रकारात दोन चकत्या एकदम हवेत सुटतात आणि दोन्ही फोडायच्या असतात. राठोडांच्या 200 पैकी 179 फुटल्या, तिसऱ्या आलेल्या चिनी नेमबाजाच्या 178. हे आकडे आधी खोडा आणि ‘राजपुती रक्तातच नेम’ असं लिहा. महूच्या लष्करी नेमबाजी पथकाचं नाव काढू नका. तिथं रक्त तपासत नाहीत, काडतुसं झाडायला लावतात. सुवर्ण दुबईच्या अहमद अल मक्तूमनं 189 चकत्या फोडून नेलं, हेही गाळा. नाहीतर त्याच्या रक्ताचं काय, असं एखादा वाचक विचारायचा.

आता त्याच राजस्थानातले, उदयपूरकडच्या झाडोल भागातले लिंबाराम. तीन ऑलिंपिक खेळलेले तिरंदाज. कामही तेच, नेम धरायचं. पण इथं लेखणी बदला. आदिवासी आणि हातात धनुष्य म्हटल्यावर ‘आधुनिक एकलव्य’ आपोआप उतरतं, अंगठ्याची करुणा वर फुकट. 1992 मध्ये बीजिंगला त्यांनी 30 मीटरवर 360 पैकी 358 गुण घेत जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. छत्तीस बाणांत दोनच गुण गेले. हे कंसातही नको. राजपुताच्या नेमाला परंपरा म्हणायचं, आदिवासीच्या नेमाला निसर्ग.

आपण मराठी लोक यात मागे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 मध्ये 10,000 मीटरचं राष्ट्रकुल कांस्य आणि आशियाई रौप्य मिळवलं, आणि आपण तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ करून टाकलं. कौतुकानंच, मान्य. पण शिवाजी पार्कच्या फलंदाजाला ‘दादर लोकल’ म्हटल्याचं ऐकलंय कधी? डोंगरातून पाणी वाहून आणलं म्हणून दम वाढला, हे वाक्य तयार ठेवा. (त्या हिशेबानं पाड्यातल्या सगळ्या बायका पदकं घेऊन यायला हव्या होत्या.) प्रशिक्षक विजेंदर सिंग शेवटच्या ओळीत बसले तर बसवा.

एक धोक्याची सूचना. जात नीट लिहायची हुक्की आलीच, तर दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंपासून सुरुवात करावी लागेल. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी. धर्मावर संघ पाडलेल्या स्पर्धेत हिंदूंसाठी ते गोलंदाजी करायचे, पण त्याच हिंदूंचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. धाकटे भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कर्णधार झाले. म्हणजे जात बाळूंच्या मनगटात शोधून उपयोग नाही, ती चहा देणाऱ्याच्या हातात होती. असं लिहिलंत तर बातमी खेळाडूवरून सरकून निवड समितीवर जाते, आणि मग फोन येतात.

तेव्हा ‘एक्स्प्रेस’ घाला, मजकूर पाठवा आणि वेळेत घरी जा.