देवमाशाच्या दर्शनाची शास्त्रोक्त पद्धत

श्रीलंकेत निळा देवमासा बघायला जायचे ठरले की आधी देवमाशाचा विषय बाजूला ठेवावा. मुलांच्या सुट्ट्या, साहेबांच्या मूडवर अवलंबून असलेली रजा, मावशींच्या गुडघ्याचे ऑपरेशन आणि विमान कंपनीची ‘शेवटचे दोन दिवस’ ऑफर यांचा मेळ घालून तारखा पक्क्या कराव्यात. पैसे भरून झाले, ते परत मिळणार नाहीत याचीही खात्री झाली, की मग घरातल्या सर्वांत लहान सदस्याने विचारावे, “पण तेव्हा देवमासे असतात का तिथे?” मराठी कुटुंबाची सहल या क्रमाने ठरते आणि म्हणूनच ती मेमध्ये मिरिस्साला जाऊन पोहोचते.

मिरिस्सा हे श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळचे मासेमारीचे बंदर. देवमासे बघण्याचा तिथला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये नैऋत्य मोसमी वारे मुंबईच्या छत्र्या उलट्या करण्याआधी हा किनारा गाठतात, समुद्र खवळतो आणि सफरी बंद होतात. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी बाद. दिवाळी लवकर आली तर हंगाम सुरू व्हायचा असतो. उरतो नाताळ, तेव्हा निम्मे युरोप तिथे आलेले असते आणि हॉटेलांचे दर त्यांच्या खिशाकडे बघून ठरलेले असतात.

मेवरच अडून बसलेल्यांसाठी पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमली आहे. डोंगर आडवे असल्याने त्या बाजूचा समुद्र तेव्हा बराच शांत असतो आणि बंदराच्या तोंडाशीच खोल दरी असल्याने देवमासे जवळ येतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ट्यूलिप’ नावाच्या शिडाच्या बोटीवरून शास्त्रज्ञांनी इथल्या स्पर्म व्हेलचा अभ्यास केला. पुढे यादवी युद्धाने हा किनारा पर्यटकांना दीर्घकाळ दुरावला. घरातल्या ज्येष्ठांना राजी करण्यासाठी मात्र दरी आणि शास्त्रज्ञ सांगत बसू नये. तिथल्या कड्यावर कोणेश्वराचे प्राचीन शिवस्थान आहे आणि नशीब असेल तर त्या कड्यावरूनही देवमासे दिसतात, एवढे सांगितले की पुरे. देवदर्शन पदरात पडणार म्हटल्यावर समुद्रात काही दिसले नाही तरी सहल फुकट गेली असे कोणी म्हणत नाही.

बोट पहाटे सहा-साडेसहाला सुटते. मुंबईकराला हे मान्य नसते. नाश्ता करून, आंघोळी उरकून दहाला निघता येईल का, हे त्याने एकदा तरी विचारावे. बोटवाला हसून मान हलवतो. त्या मान हलवण्यातून होकार काढू नये.

यानंतर येतो तो उलटीचा प्रश्न. गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते. बोट हेलकावे खाऊ लागल्यावर पर्समध्ये गोळी शोधणे हा केवळ हातांना चाळा आहे. वरच्या डेकवरून समुद्र छान दिसतो आणि हेलकावेही तिथेच जास्त बसतात. अगदी मागे डिझेलचा धूर. तेव्हा खाली, मधोमध बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइल खिशात. लाइफ जॅकेटच्या बंदाशी झटापट चाललेली असतानाच काकूंनी डबा उघडून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचे फिरवायला सुरुवात केली, तर लोणच्याचा वास पोहोचेपर्यंत तीन जण कठड्याशी गेलेले असतात. इथे एक कायदेशीर खुलासा. कोकणात ‘व्हेलची उलटी’ कोट्यवधींची म्हणून पकडल्याच्या बातम्या येतात, त्या स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होणाऱ्या अंबरग्रीसच्या; त्याचा व्यापार भारतात गुन्हा आहे. पर्यटकाच्या उलटीला कुठेच भाव नाही. ती पिशवीत घालून किनाऱ्यावर आणावी.

आता दर्शन. मिरिस्साजवळच्या डोंड्रा हेड या देशाच्या दक्षिण टोकापाशी समुद्राचा उथळ पट्टा इतका अरुंद आहे की काही मैलांवर अथांग खोल पाणी लागते. अंटार्क्टिकाकडे जा-ये करणाऱ्या भाऊबंदांसारखे इथले निळे देवमासे दूर जात नाहीत. या उबदार पाण्यातच चरतात. ते इथे चरतात हे श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्हॉस यांना २००३ साली पाण्यावर तरंगणाऱ्या लालसर विष्ठेवरून उमगले. इथला निळा देवमासा साधारण २४ मीटरपर्यंत वाढतो. एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक लावाव्यात तेवढा. त्यातली दिसते ती ओली, करडी पाठ आणि अगदी मागे, विसरून राहिल्यासारखा छोटासा पर. आधी आठ-नऊ मीटर उंच फवारा उडतो, सगळे एकदम उजवीकडे धावतात, बोट कलते, खलाशी ओरडतो. अशा चार-सहा श्वासांनंतर शेपूट वर येते आणि मग दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ काहीही नाही. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये याच दहा मिनिटांचे चित्रण सापडते.

खरी गंमत इथे संपते. श्रीलंकेच्या २०१२च्या नियमांनुसार बोटीने देवमाशापासून १०० मीटर लांब राहायला हवे. प्रत्यक्षात फवारा दिसला की पाच-सहा बोटी सुसाट सुटतात, आणि कित्येकदा त्याला कारण बोटीवरचाच एखादा गृहस्थ असतो. “पैसे मोजलेत आम्ही, जरा जवळ घ्या की!” श्वास घ्यायला वर आलेले जनावर मग श्वास पुरा न घेताच बुडी मारते आणि गृहस्थ तक्रार करतात की लांबूनच गेला. शेजारूनच जगातला एक अतिशय गजबजलेला जहाजमार्ग जातो; जहाजांची धडक बसून इथे देवमासे मेले आहेत. २०२२मध्ये एमएससी या बड्या जहाज कंपनीने आपली जहाजे सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. शेकडो मीटर लांबीच्या जहाजाला वाट वाकडी करता येते. बारा आसनी बोटीतल्या गृहस्थाला शंभर मीटरवर थांबणे जड जाते.

म्हणून बुकिंग करताना दर, नाश्ता आणि ‘गॅरंटी’ यांच्या आधी बोटवाल्याला एकच विचारावे: देवमासा दिसल्यावर इंजिनाचे काय करता? “वेग कमी करून लांबच थांबतो” म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत. “अगदी जवळ नेतो, साहेब” म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या टपरीवर जावे, मग तो निम्म्या दरात नेत असला तरी.