बुडाखालची टाकी

पेट्रोल पंपावर आमच्या जीपचा ड्रायव्हर आधी खाली उतरतो. शिष्टाचार म्हणून नव्हे, टाकी त्याच्या बुडाखाली असते म्हणून. गादी उचलायची, मागच्या हौद्यात टाकायची आणि पंपावरच्या पोऱ्याला म्हणायचं, ‘इथं.’ पोऱ्या नवा असला तर झाकण शोधत तो गाडीला दोन प्रदक्षिणा घालतो. मग उघडी सीट बघून, आपल्याला कुणी भरचौकात कमोड उघडून दाखवावा तसा माझ्याकडे बघतो.

उतरतो, बघतो हे सवयीनं लिहिलं. आता ते भूतकाळात वाचावं.

गाडी 1944 ची विलीज, महायुद्धासाठी बनलेली, स्टिअरिंग डाव्या हाताला. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती देवळाली कॅम्पच्या लिलावात घेतली आणि दिंडोरीच्या मळ्यातून द्राक्षं आणायला मागचा भाग कापून तिला हौदा बसवला. तिची टाकी 15 अमेरिकन गॅलनची, म्हणजे जवळजवळ 57 लिटर, आणि तिच्यावर गादी टाकून सैनिकाला बसवलेलं. गोळी नेहमी समोरूनच येते असा तिकडे हिशेब असावा. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जोडायला सुरुवात केली आणि पुढे आमच्या सातपूरला कारखानाच आला. त्यामुळे नाशकात जीपचा मिस्त्री शोधावा लागत नाही. तो लग्नात भेटतो, रामकुंडावर दशक्रियेला भेटतो आणि दोन्हीकडे कार्बोरेटरवरच बोलतो.

अण्णांना काट्याची गरज कधी पडली नाही. गंगापूर रोडच्या पहिल्या गतिरोधकावर खाली डुचमळलं की ते सांगायचे, ‘आठ लिटर.’ भरलेली टाकी गप्प असते, अर्धी बडबडते आणि तळाला आली की ताटातल्या आमटीसारखी एका कडेला पळते. हे ज्ञान मलाही वारशानं मिळालं, त्याच जागेतून.

पण बायकोला वास सहन होईना. “अहो, घरात गॅसचा जरा वास आला तर दारं-खिडक्या उघडता, आणि इथं वीस लिटरवर मांडी ठोकून बसता?”

“अण्णा चाळीस वर्षं बसले. वर विडी ओढत बसले. गेले ते मधुमेहानं.”

“त्यांची पत्रिका वेगळी होती.”

मग मी माहिती काढली, म्हणजे टाळाटाळ केली. अमेरिकेत शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये 1972 पर्यंत टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असायची. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही ती काढून मागे हौद्याखाली नेतात. 1973 पासून कंपनीनंच टाकी चासीच्या बाहेर, कडेला नेली, तर बाजूनं धडक बसली की पेट घेते म्हणून वर्षानुवर्षं खटले चालले. “तात्पर्य, टाकी कुठंही ठेवा—” मी म्हणालो.

“तुमच्या खाली नको,” ती म्हणाली.

आरटीओबाहेरच्या एजंटानं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ऐकवलं, कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तसे फेरफार चालत नाहीत म्हणून. मग त्यानं हौद्याकडे नजर टाकली आणि पुढचं बोलणं आवरतं घेतलं.

द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रीनं रबरी नळी टाकीत सोडली, तोंडानं पेट्रोल ओढलं, थुंकला आणि म्हणाला, “साहेब, भरल्या टाकीला मी भीत नाही. रिकामीला भितो.” रिकाम्या टाकीत वाफ कोंडलेली असते आणि हवेत मिसळलेल्या त्या वाफेला एक ठिणगी पुरते. म्हणून त्यानं टाकी सोड्याच्या पाण्यानं खळखळून धुतली, दिवसभर उपडी ठेवली, भोकाच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरलं आणि मग डाग दिला. तेवढा वेळ मी समोरच्या टपरीवर होतो. पत्रिकेचा प्रश्न होता.

टाकी हौद्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मधे गेली. लोखंडी पट्ट्यांनी आवळली, पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचं रबर. भरायचं तोंड कडेला आलं, हवेची नळी त्याच्याही वर, नाहीतर पेट्रोल उसळून भरणाऱ्याच्या शर्टावर येतं. आत नवा फ्लोट, डॅशबोर्डवर नवा काटा. काटा अर्ध्यावर आला आणि तिथंच रमला.

आठवड्यानं मालेगावला निघालो. चांदवड सोडलं, राहुड घाट लागला. काटा अर्धा. खड्ड्यांवर खाली काही डुचमळत नव्हतं, तेव्हा मला वाटलं, टाकी भरलेली आहे, म्हणून गप्प आहे. चाळीस वर्षांचं शिक्षण असं जाता जात नाही. घाटातच इंजिननं दोन उचक्या दिल्या आणि गाडी थांबली. मी खाली उतरलो आणि सवयीनं गादी उचलली.

“काय बघताय तिथं?” बायकोनं विचारलं.

सीटखालच्या पोकळीत एक पान्हा होता आणि आईनं ठेवलेला कोंडाजी चिवड्याचा पुडा, मावशीला द्यायचा. रिकामी जागा आमच्या घरात फार दिवस टिकत नाही.

एका ट्रकवाल्यानं पाच लिटर दिलं. मालेगावला मावशीनं पुडा फोडला, काकांनी पहिली मूठ तोंडात टाकली, क्षणभर थांबले आणि डोळे पुसत म्हणाले, “नाशिकचा चिवडा जहाल असतो खरा, पण यंदा मसाला बदललाय का?”

बायको माझ्याकडे बघत होती. मी पाणी मागितलं.