तीनदा ‘लॉक’ दाबण्याविषयी

विनिपेग, १७ जानेवारी

ती. अण्णा व सौ. आई,

गाडीला रिमोट स्टार्टर बसवण्याचा बेत कळल्यावर अण्णांनी फोनवर ज्या हरकती घेतल्या, त्या स्टॅम्पपेपरवर उतरवल्या तर दिवाणी न्यायालयही दाखल करून घेईल. ‘दरवाजे रिमोटवर उघडतात, आता इंजिनही? उद्या गाडी चालवायलाही रिमोट मागाल!’ वगैरे. शिवाय खर्चाचा आकडा डॉलरमध्ये ऐकताच त्यांनी तो साठने गुणला, आणि पुढचं संभाषण त्या गुणाकाराच्या सावलीत झालं. म्हणून ही लेखी कैफियत. आमचं म्हणणं एवढंच, की हे यंत्र काचेसाठी हवं आहे. गाडीला कंपनीची रिमोट किल्ली असल्यामुळे ते काटकसरीत बसतं. आणि वापर मोजून पाच मिनिटांचा ठेवला तर ती उधळपट्टी ठरत नाही.

इथे जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी उणे २० च्या आसपास असतं आणि अधूनमधून उणे ३५, ४० पर्यंत उतरतं. (उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात, तेव्हा अण्णांच्या कपाटातल्या जुन्या थर्मामीटरचाही इथे मान राहील.) वाऱ्यासकट उणे ४० जाणवत असेल तर उघडी कातडी पाच ते दहा मिनिटांत गोठू शकते, असं कॅनडाचं हवामान खातं बजावतं, आणि काचेवरचं हिम खरवडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. बरं, बाहेरून खरवडली म्हणून सुटका नाही. आत बसणाऱ्यांच्या श्वासातली वाफ काचेला आतून चिकटून गोठते, आणि तिथे खरवडणी नीट पोचत नाही. मग काही शूर लोक पोस्टकार्डाएवढ्या भोकातून रस्ता बघत गाडी हाकतात. ते कायद्यात बसत नाही, आणि समोरून येणाऱ्याच्या आयुर्मर्यादेतही बसत नाही. काच आतून साफ करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गरम हवा. आणि त्यासाठी इंजिन आधी सुरू व्हावं लागतं.

आता अण्णांचा सर्वांत सरळ प्रश्न: खाली जाऊन किल्ली फिरवावी, गाडी चालू ठेवून वर येऊन चहा घ्यावा, यंत्र कशाला? तर चोर नेमका त्याच चहाची वाट बघत असतो. किल्ली आत असलेली चालू गाडी न्यायला कसलंच कौशल्य लागत नाही, आणि कॅनडातल्या गारठ्याच्या शहरांतले पोलीस दर हिवाळ्यात याच चोऱ्यांबद्दल कानीकपाळी ओरडत असतात. रिमोट स्टार्टरने सुरू झालेल्या गाडीचे दरवाजे कुलूपबंद असतात, आणि काच फोडून कोणी आत बसलाच, तरी किल्लीशिवाय ब्रेकवर पाय ठेवताच इंजिन बंद पडतं. बॉनेट उघडं असेल तर ते मुळात सुरूच होत नाही.

‘पण रिमोट किल्ली आहेच ना?’ इथे थोडं खोलात जायला हवं, कारण पैसे इथेच लागतात. त्या किल्लीच्या काळ्या मुठीत दोन स्वतंत्र कारभार चालतात. बटणांचा कारभार सेलवर चालतो. तो रेडिओलहरींनी फक्त दरवाज्यांशी बोलतो. दुसरी एक इवलीशी चिप आहे, तिला सेल नसतो. किल्ली कुलपात घातली, की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते, ती आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली तरच इंजिन पेट घेतं. या पहारेकऱ्याचं नाव इमोबिलायझर. एके काळी विनिपेग हे गाडीचोरीचं माहेरघर मानलं जाई, तेव्हा इथे या पहारेकऱ्याची गरज होतीच. सप्टेंबर २००७ पासून तर कॅनडात नव्या गाड्यांना तो सक्तीचाच झाला. त्याचा स्वभाव आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखा: रोज सलाम ठोकेल, पण गेटपास दाखवल्याशिवाय फाटक उघडणार नाही. तेव्हा बाहेरून नुसता स्टार्टर फिरवून भागत नाही, या पहारेकऱ्याची समजूत काढणारं ‘बायपास मॉड्यूल’ लागतं. पूर्वी त्यासाठी एक अख्खी जादा किल्ली डॅशबोर्डखाली लपवून ठेवत; तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवण्याची ही पद्धत आता बऱ्याच गाड्यांत लागत नाही. आजची मॉड्यूलं गाडीच्या आतल्या संगणकी तारांवर कान ठेवून असतात. मालकाने कंपनीच्याच किल्लीवर ‘लॉक’चं बटण लागोपाठ तीनदा दाबलं, की त्यांना इशारा कळतो आणि ती पहारेकऱ्याला हवा तो निरोप देतात.

म्हणजे नवा रिमोट नको. दुकानदार लांब पल्ल्याचा रिमोट किंवा दरवर्षी वर्गणी मागणारं फोनचं ॲप गळ्यात मारू पाहतो, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या गाडीसाठी किल्लीचा काही मीटरांचा पल्ला पुरतो. बचत तिथे करावी, बसवणाऱ्याच्या मजुरीत नव्हे. चुकीची तार कापली गेली तर रिमोट स्टार्टरऐवजी रिमोट टोइंगची वेळ येते. मॉड्यूल आणि मजुरी मिळून चारशे ते सहाशे डॉलर. (अण्णा, गुणाकार नको.)

पेट्रोलची हरकत मात्र खरी आहे, आणि ती अर्धी मान्य आहे. मध्यम इंजिन जागेवर उभं राहून तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितं, थंडीत जास्तच. उभ्या गाडीत इंजिन तापतंही सावकाश. ते लवकर तापतं ते हळू चालवण्याने. इथले शेजारी वीस वीस मिनिटं गाड्या धडधडत ठेवतात, त्यांना अण्णांनी जरूर रागवावं. पण उणे ३० ला पाच मिनिटांत गरम हवा यायची कुठून? तर ब्लॉक हीटरमधून. इंजिनाच्या पोटातला हा विजेचा हीटर साधारण चारशे वॉटचा असतो. टायमर लावून निघण्याआधी दोन तास चालवला तर पाऊण-एक युनिट जळतं आणि इंजिन कोमट होतं. मग पाच मिनिटं पुरतात, पेट्रोल शंभर-दीडशे मिलिलिटर. यात एक मेख आहे: साध्या गाडीत पंख्याची कळ यंत्र फिरवत नाही. रात्री गाडी बंद करतानाच ती काचेकडे वळवून ठेवायची, वायपर बंद ठेवायचे. विसरलं तर सकाळी पाय छान शेकतात आणि काच तशीच पांढरी. आणि बंद गॅरेजमध्ये हा खेळ अजिबात नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि घराला लागून असलेल्या गॅरेजातून तो थेट घरात येतो.

नागपूरच्या दादालाही असंच यंत्र हवंय, उलट कारणासाठी: मे महिन्यात बसण्याआधी एसी चालू व्हावा म्हणून. त्यात विनोदी काही नाही. भारतात २०१९ पासून ह्युंदाई व्हेन्यू, किया सेल्टॉस यांच्या काही मॉडेलांत फोनवरून इंजिन सुरू करण्याची सोय कंपनीच देत आली आहे. पण त्याची गाडी हाताच्या गिअरची आहे. तसल्या गाडीत यंत्र बसवलं, तर दर वेळी उतरताना हँडब्रेक ओढून, इंजिन चालू असतानाच किल्ली काढून, बाहेर पडून दार लावावं लागतं. मगच इंजिन बंद होतं आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची यंत्राला खात्री पटते. दादा हा विधी रोज पाळेल, यावर आईचाही विश्वास बसणार नाही. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली तर ती एसीसकट समोरच्या कुंपणात जाईल. त्याने सावलीत गाडी लावावी.

आपला, बहुतेक बाबतींत आज्ञाधारक,
सुहास

ता. क. फोटोत गाडीच्या तोंडातून लोंबणारी वायर बघून आईने विचारलंय, की गाडी विजेवर चालते का. नाही. ती ब्लॉक हीटरची वायर.