नियमाला धरून

पैसे खात नाहीत अशी ज्यांची ख्याती आहे, त्या भाऊसाहेबांच्या टेबलावर आपलं प्रकरण गेलं, की तहसील कचेरीतली जाणती माणसं हळहळतात. 'देऊन सुटण्याची' सोयच बंद!

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 त्यांना तोंडपाठ. नियम 3 मध्ये नितांत सचोटी आणि कर्तव्यपरायणता अशा दोन्ही गोष्टी मागितल्या आहेत. भाऊसाहेबांचा सगळा वेळ पहिलीतच जातो. दिवाळीत कुणी मिठाईचा पुडा ठेवला, तर तो जावक क्रमांक टाकून, पोचपावतीसह परत. त्या दिवशी दुसरं काही जावक होत नाही.

चहाचं मात्र त्यांनी शास्त्रशुद्ध बसवलंय. नैमित्तिक जेवण, वाहनातून सोडणं किंवा तत्सम पाहुणचार भेटीत धरत नाहीत, असा खुलासा नियमांतच आहे. रोज एकाच माणसाचा चहा नैमित्तिक कसा म्हणणार? म्हणून ते रोज वेगवेगळ्या अर्जदाराचा पितात. अर्जदारांचा तुटवडा पडू नये, याची काळजी ते कामाच्या वेगातून घेतात.

मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र भरताना तर त्यांच्या अंगात येतं. बायकोला माहेरून मिळालेलं शिवणयंत्र जंगम मालमत्तेत घालावं, तर ते वर्षानुवर्षं जागचं हललेलं नाही. त्यांनी रीतसर मार्गदर्शन मागवलं. वरून ते अजून आलेलं नाही, तिथेही एक भाऊसाहेब असणार.

पण खरी करामत फाइलीत. बदल्या आणि दप्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा सांगतो, की साधी फाइल सात कामाच्या दिवसांहून जास्त कुणाकडे पडून राहू नये. भाऊसाहेबांकडे ती कधीच राहत नाही. सातव्या दिवशी 'त्रुटीपूर्ततेस्तव परत' असा सुंदर अक्षरातला शेरा मारून ते ती बाहेर ढकलतात. वारसनोंदीला आलेल्या एका म्हातारीला पहिल्यांदा मृत्यूदाखला मागितला, मग दाखल्यातल्या आणि सातबाऱ्यावरच्या नावातल्या ऱ्हस्व-दीर्घाचं प्रतिज्ञापत्र, मग प्रतिज्ञापत्राची साक्षांकित प्रत. "आजी, एकदम सगळं सांगितलं असतं तर तुम्हाला ओझं झालं असतं," असं ते अगदी मायेनं म्हणाले. म्हातारीनं पदराची गाठ सोडायला घेतली, तसे ते ताडकन उभे राहिले आणि लाचलुचपत प्रतिबंधक खात्याच्या पाटीकडे बोट दाखवलं. माझ्या मते, त्या पाटीचा इतका मनापासून धाक घेतलेला कचेरीतला तो एकमेव माणूस.

अठ्ठावन्न पूर्ण झाली, निरोप समारंभ ठरला. कार्यक्रम खासगी, अनौपचारिक आणि कमी खर्चाचा हवा, वर्गणीसाठी कुणावर दबाव नको, हे त्यांनी स्वतःच परिपत्रक काढून कळवलं. परिणामी वर्गणी फारशी जमलीच नाही. शाल रद्द झाली, श्रीफळ तेवढं उरलं. ते हातात ठेवताच भाऊसाहेब अडले: ही भेटवस्तू होत नाही ना? शिपायानं वैतागून सांगितलं, "भाऊसाहेब, प्रसाद समजा!" मग त्यांनी नारळ तिथेच फोडायला लावला, आणि खोबरं वाटताना प्रत्येकाची सही घेतली.